माहितीपर उताऱ्याची मांडणी मुलांना कशी शिकवावी

गोष्ट सांगायला मुलांना फारसे शिकवावे लागत नाही. कोणीतरी असते, त्याच्यावर प्रसंग ओढवतो, तो त्यातून सुटतो. हा साचा लहानपणापासून कानावर पडून पक्का झालेला असतो. माहितीपर लेखनाला असा एकच साचा नाही. चार-पाच आहेत, आणि कोणी मुद्दाम दाखवल्याशिवाय ते मुलांना दिसत नाहीत. मग उतारा वाचून झाल्यावर 'काय वाचलेस?' असे विचारले की मूल सुटी सुटी वाक्ये सांगते, बहुधा पहिले आणि शेवटचे. लिहायला सांगितले तर दहा वाक्ये येतात, पण ती कशीही वरखाली केली तरी काही बिघडत नाही. म्हणजे माहिती आहे, मांडणी नाही.

पुढची पद्धत साधारण चौथी ते आठवीच्या वर्गांसाठी आहे. पाच मांडण्यांचा हा विचार बराचसा बॉनी मेयर या अमेरिकी संशोधिकेच्या १९७०च्या दशकातल्या कामातून आला. १९८०मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह नववीच्या मुलांवर केलेल्या अभ्यासात एक गोष्ट स्पष्ट झाली: लेखकाने वापरलेलीच मांडणी धरून जी मुले मजकूर आठवत होती, त्यांना तो जास्त आठवत होता. पण वर्गात हे शिकवताना एक घोळ नेहमी होतो. पाच नावांचा तक्ता भिंतीवर लागतो, प्रत्येक नावाखाली 'खुणेचे शब्द' लिहिले जातात, मुले ते पाठ करतात आणि उताऱ्यात शब्द शोधत बसतात. शब्द सापडतो, मांडणी चुकते. म्हणून शब्दांपासून सुरुवात करू नये.

आधी प्रश्न, नाव नंतर

प्रत्येक माहितीपर उतारा कोणत्या तरी एका प्रश्नाचे उत्तर देत असतो. तो प्रश्न सापडला की मांडणी सापडली. प्रश्न पाचच:

- हे कसे आहे? त्याचे भाग, प्रकार, गुण कोणते? (वर्णन)
- आधी काय होते, मग काय होते? (क्रम)
- या दोघांत सारखे काय, वेगळे काय? (तुलना)
- हे का होते? त्यामुळे काय होते? (कारण-परिणाम)
- अडचण काय आहे आणि ती कशी सोडवली, किंवा कशी सोडवता येईल? (समस्या-उपाय)

कंसातली नावे पहिले दोन-तीन तास उच्चारूच नयेत. उतारा वाचायचा आणि विचारायचे, 'लेखकाला कोणीतरी एक प्रश्न विचारला आणि त्याने हा उतारा लिहून दिला. प्रश्न कोणता असेल?' मुले सुरुवातीला विषय सांगतात, 'वटवाघूळ'. मग म्हणायचे, 'हा विषय झाला, प्रश्न नाही. वटवाघळाबद्दल काय विचारले असेल?' विषय आणि प्रश्न यांतला हा फरक कळायला एक अख्खा तास गेला तरी तो वाया गेला असे समजू नये. पुढचे सगळे त्यावरच उभे राहते.

एकच विषय, पाच उतारे

पहिल्या खेपेला पाचही उतारे एकाच विषयावरचे घ्यावेत. विषय वेगवेगळे घेतले तर मुले भलतेच नाते जोडतात: प्राणी आला की वर्णन, इतिहास आला की क्रम, प्रदूषण आले की समस्या. विषय तोच ठेवला की बदलते ती फक्त मांडणी, आणि नजर तिच्यावर जाते. नमुन्यादाखल वटवाघळाचे पाच छोटे उतारे देत आहोत. ते जसेच्या तसे वापरता येतील.

एक. 'वटवाघूळ हा सस्तन प्राणी आहे. त्याच्या हातांची बोटे खूप लांब असतात आणि त्यांच्यामध्ये पातळ त्वचेचा पडदा ताणलेला असतो. हाच त्याचा पंख. मागच्या पायांच्या नख्यांनी ते उलटे लटकते. बऱ्याच जाती किडे खातात, काही फळांवर जगतात.'

दोन. 'किडे खाणारे वटवाघूळ अंधारात शिकार कशी करते? आधी ते माणसाला ऐकू न येणारा तीव्र आवाज सोडते. तो समोरच्या किड्यावर आदळतो. मग त्याचा प्रतिध्वनी वटवाघळाच्या कानांपर्यंत परत येतो. त्याला लागलेल्या वेळावरून किडा किती लांब आहे हे वटवाघळाला उमगते. जवळ जाता जाता ते अधिकाधिक झपाट्याने आवाज काढते आणि शेवटी किडा पकडते.'

तीन. 'वटवाघूळ आणि पक्षी दोघेही उडतात. पण पक्ष्याचा पंख पिसांचा असतो, वटवाघळाचा त्वचेचा. पक्षी अंडी घालतात. वटवाघळे पिलांना जन्म देतात आणि दूध पाजतात.'

चार. 'हिवाळ्यात किडे मिळत नाहीत, त्यामुळे थंड प्रदेशांतली अनेक वटवाघळे शीतनिद्रेत जातात. एका बुरशीच्या रोगाने त्यांची ही झोप वारंवार मोडते. प्रत्येक वेळी जाग आली की अंगातली चरबी खर्च होते. हिवाळा सरण्याआधीच चरबी संपल्याने अनेक वटवाघळे उपासमारीने मरतात.'

पाच. 'उत्तर अमेरिकेत या बुरशीने वटवाघळांच्या वसाहतीच्या वसाहती ओस पाडल्या. गुहांत फिरणाऱ्या माणसांच्या बुटांवरून आणि कपड्यांवरून बुरशीचे बीजाणू दुसऱ्या गुहेत जाऊ शकतात. म्हणून काही गुहा माणसांसाठी बंद करण्यात आल्या, तर इतर ठिकाणी जाणाऱ्यांना बूट आणि साहित्य निर्जंतुक करायला सांगितले गेले. रोग मात्र पूर्ण थांबलेला नाही, कारण तो वटवाघळांकडून वटवाघळांकडेही पसरतो.'

चार-चार मुलांचे गट करावेत. प्रत्येक गटाला पाचही कागद, नावे न घालता, क्रम बदलून. काम एकच: प्रत्येक उताऱ्याला प्रश्नार्थक शीर्षक द्यायचे. पंधरा मिनिटे पुरतात. मग सगळ्या गटांची शीर्षके फळ्यावर उताऱ्यानुसार रकान्यांत लिहावीत. चौथ्या आणि पाचव्या उताऱ्यावर वाद होणारच, कारण रोग दोन्हींत आहे. हा वाद तासाचा सर्वांत उपयोगी भाग असतो. तो लवकर मिटवू नये. 'कोणी काही करतंय का?' एवढेच विचारावे. चौथ्यात घडत जाते, पाचव्यात कोणीतरी हातपाय हलवते. हा फरक मुलांच्या तोंडून आला की मग पाच नावे सांगावीत.

कोणती आधी, किती तास

पुष्कळ ठिकाणी वर्णनापासून सुरुवात होते, कारण ते सोपे वाटते. लिहायला ते सोपे आहेच, पण मांडणी म्हणून ते सर्वांत सैल आहे. वाक्यांना एकमेकांशी घट्ट बांधणारा दुवा त्यात नसतो, आणि ज्यांना अजून दुवाच दिसत नाही अशा मुलांना दुवा नसलेला उतारा आधी देण्यात अर्थ नाही. आमच्या मते क्रम, तुलना, कारण-परिणाम, समस्या-उपाय आणि शेवटी वर्णन, असे जावे. समस्या-उपाय कारण-परिणामाच्या आधी घेऊ नये. उपाय कारणावर चालतो, आणि कारण ओळखता येत नसेल तर उपाय हवेत राहतो.

क्रमाला दोन तास, तुलनेला चार, कारण-परिणामाला पाच, समस्या-उपायाला तीन, वर्णनाला दोन आणि मिश्र उताऱ्यांना निदान चार. आठवड्याला दोन तास धरले तर दहा आठवडे होतात. हे सलग उरकण्यापेक्षा विज्ञान आणि भूगोलाच्या पाठांना जोडून घेतलेले बरे, म्हणजे उतारे वेगळे शोधावे लागत नाहीत. सुरुवातीचे उतारे ६० ते ९० शब्दांचे आणि एकाच मांडणीचे असावेत. पाठ्यपुस्तकातला परिच्छेद बहुधा मिश्र असतो. तो पहिल्या दिवशी दिला तर शिक्षकच अडकतो.

वाक्यांच्या पट्ट्या

उतारा वाक्यावाक्याने कापून सहा-सात पट्ट्या कराव्यात आणि पाकिटात घालून द्याव्यात. सातपेक्षा जास्त पट्ट्या झाल्या की मुले अर्थ सोडून अंदाजाने लावायला लागतात. 'आधी', 'मग', 'शेवटी' हे शब्द पहिल्या फेरीत खोडून टाकावेत. ते ठेवले तर मुले वाचतच नाहीत, शब्द बघून पट्ट्या लावतात. लावून झाल्यावर मुलांनीच ते शब्द योग्य जागी पेनाने घालायचे.

मग अदलाबदलीची चाचणी. मधल्या दोन पट्ट्या एकमेकींच्या जागी ठेवायच्या आणि वाचून बघायचे. वर्णनात फारसे बिघडत नाही: वटवाघळाचा आहार आधी सांगितला काय आणि लटकणे आधी सांगितले काय. क्रमात उतारा मोडतो. किड्यावर आवाज आदळण्याआधीच प्रतिध्वनी परत येतो. कारण-परिणामात गंमत होते. वाक्ये उलटी करता येतात, पण जोडणारा शब्द बदलावा लागतो. 'झोप मोडते, त्यामुळे चरबी संपते' हे उलटले की 'चरबी संपते, कारण झोप मोडते' असे होते. कागदावरचा क्रम फिरला, घडण्याचा फिरला नाही. ही गोष्ट एकदा हाताने करून पाहिली की मुले 'आधी लिहिले ते कारण' ही समजूत सोडतात. नुसते सांगून ती सुटत नाही.

तुलना: मधला रकाना

तुलनेच्या लेखनातली ठरलेली चूक अशी दिसते:

'मगर पाण्यात राहते. तिचे दात तीक्ष्ण असतात. ती मासे खाते. कासवाला कवच असते. कासव हळू चालते. कासव खूप वर्षे जगते.'

इथे दोन वर्णने शेजारी उभी आहेत, तुलना एकही नाही. मगरीचे दात सांगितले, कासवाच्या तोंडाचे काय? कासवाचे कवच सांगितले, मगरीच्या पाठीवर काय असते? एकमेकांत अडकलेली दोन वर्तुळे काढून दिली तरी ही चूक जात नाही, कारण मूल डाव्या वर्तुळात एक मुद्दा लिहिते आणि उजव्यात भलताच. त्याऐवजी तीन रकान्यांचा तक्ता द्यावा. डावीकडे मगर, उजवीकडे कासव आणि मध्ये निकष. मधला रकाना आधी भरायचा, तोही पूर्ण वर्गाने मिळून: कोणत्या गटातला प्राणी, जन्म कसा, तोंड, अंगावरचे आवरण. निकष ठरेपर्यंत बाजूच्या रकान्यांना कोणी हात लावायचा नाही. मग एका निकषासमोरची दोन्ही घरे भरल्याशिवाय पुढच्या ओळीवर जायचे नाही. एक घर रिकामे राहिले तर पुस्तकात शोधायचे, आणि नाहीच सापडले तर तो निकष काढून टाकायचा.

अशा तक्त्यावरून लिहिलेला परिच्छेद बघा: 'मगर आणि कासव दोघेही सरपटणारे प्राणी आहेत आणि दोघेही अंडी घालतात. मगरीच्या जबड्यात तीक्ष्ण दात असतात, कासवाला मात्र दात नसतात, त्याच्या जबड्याच्या कडा चोचीसारख्या टणक असतात. मगरीच्या पाठीवर हाडांच्या कठीण तबकड्या असतात, तर कासवाचे कवच त्याच्या कण्याला आणि बरगड्यांना जोडलेलेच असते.' प्रत्येक वाक्यात दोघेही आहेत. पहिल्या महिन्यात हाच नियम ठेवावा: एक निकष, एक वाक्य, दोघांचा उल्लेख. आधी एकाबद्दल सगळे आणि मग दुसऱ्याबद्दल सगळे अशी मांडणीही चुकीची नाही, पण ती निकष डोक्यात पक्के झाल्यावरच जमते. निकष तीन किंवा चार पुरेत. एकच निकष घेतला तर परिच्छेद होत नाही, सात घेतले तर यादी होते.

कारण-परिणाम: बाण आणि कोंबडा

ही मांडणी सर्वांत अवघड, आणि वेळही इथेच द्यावा. मुलांना बाणांचे तीन आराखडे वेगवेगळे दाखवावेत: एका कारणाचे अनेक परिणाम, अनेक कारणांचा एक परिणाम आणि साखळी, जिच्यात एकाचा परिणाम पुढच्याचे कारण होतो. वटवाघळांचा चौथा उतारा साखळीचा आहे. फळ्यावर तो असा उतरतो: बुरशी → झोप मोडणे → चरबी खर्च होणे → उपासमार. आराखडा वहीत काढला की बाणाच्या टोकापासून मागे 'का?' विचारत जायचे आणि शेपटापासून पुढे 'मग काय झाले?' विचारत जायचे. दोन्हीकडून उत्तर जुळले तरच बाण बरोबर. उलटे बाण या एका सवयीने बरेच कमी होतात.

दुसरी चूक म्हणजे एकापाठोपाठ घडलेल्या गोष्टींना कारण-परिणाम समजणे. यावर नियम सांगण्यापेक्षा 'कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही' ही म्हण कामाला लावावी. कोंबडा आधी आरवतो, उजाडते नंतर. हे झाले क्रम. पण कोंबडा झाकला तरी उजाडणारच असेल, तर तो कारण नव्हे. हीच परीक्षा उताऱ्याला लावायची: पहिली घटना झाकून टाकली तर दुसरी घडेल का? आवाज सोडला नाही तर प्रतिध्वनी येईल का? नाही येणार. म्हणजे दुसऱ्या उताऱ्यातल्या काही पायऱ्यांत कारणही दडलेले आहे. चलाख मूल हे दाखवून देते आणि विचारते, 'मग तो क्रम कसा?' उत्तर पुन्हा प्रश्नातच आहे. लेखकाने 'शिकार कशी करते' याचे उत्तर दिले, 'का करते' याचे नव्हे. एका उताऱ्यात दुसऱ्या मांडणीचे धागे असतातच; आपण नाव देतो ते मुख्य प्रश्नाला.

खुणेचे शब्द आणि त्यांचे सापळे

आता शब्द. प्रश्न ओळखता येऊ लागल्यावर ते पुरावा म्हणून उपयोगी पडतात. मराठीत मात्र ते फार फसवे आहेत, म्हणून यादी पाठ करून घेण्याऐवजी पुढच्यासारखी वाक्ये फळ्यावर लिहून सोडवून घ्यावीत.

'वटवाघूळ हा खऱ्या अर्थाने उडू शकणारा एकमेव सस्तन प्राणी म्हणून ओळखला जातो.' इथे 'म्हणून' आहे, पण कारण नाही. 'झाडाची मुळे जमिनीतले पाणी शोषतात.' खुणेचे शब्द अधोरेखित करायला सांगितले की कोणीतरी या 'मुळे'खाली रेघ मारतेच. 'पक्षी अंडी घालतात, तर वटवाघळे पिलांना जन्म देतात' यातला 'तर' तुलनेचा. 'पाणी तापवले तर वाफ होते' यातला अटीचा. 'मात्र' कधी 'पण' असतो, कधी 'फक्त'. 'मग' क्रमाचाही आणि परिणामाचाही.

उलट बाजूने, कारण असूनही सुटा शब्द नसतो. 'चरबी संपल्याने', 'तापल्यावर', 'पाऊस न पडल्याने' यांत कारण क्रियापदाच्या शेपटात बसलेले आहे. मुले 'कारण' आणि 'त्यामुळे' शोधत राहतात आणि '-ल्याने' नजरेतून निसटते. यासाठी पंधरा मिनिटांचा सराव बरा पडतो: '-ल्याने' असलेली पाच वाक्ये द्यायची आणि प्रत्येक वाक्य फोडून 'त्यामुळे' वापरून दोन वाक्ये करायला सांगायची. मग 'त्यामुळे' असलेल्या पाच जोड्या देऊन उलट काम.

वर्गाचा नियम असा ठेवावा की शब्दाखाली रेघ मारली तर शेजारी समासात प्रश्न लिहायचा. 'का?' लिहिले आणि त्याचे उत्तर त्या वाक्यात सापडले नाही, तर रेघ खोडायची.

समस्या-उपाय: 'जनजागृती' बंद

वाचताना ही मांडणी ओळखणे कठीण नाही. लिहिताना मात्र तिचे वाटोळे होते. समस्या चार ओळींत रंगवली जाते आणि शेवटी 'यासाठी जनजागृती केली पाहिजे' किंवा 'सर्वांनी काळजी घ्यावी' असे एक वाक्य चिकटवले जाते. ते कोणत्याही समस्येला चिकटते, म्हणून ते उपाय नाही. लिहिण्याआधी चार घरांचा तक्ता भरून घ्यावा: त्रास कोणाला आणि कसा, त्याचे कारण, कोणी काय करायचे, त्याने कारणाचा कोणता भाग तुटतो. चौथे घर भरता आले नाही तर उपाय बदलायचा. बूट निर्जंतुक केले की बीजाणू माणसाबरोबर प्रवास करत नाहीत, हे चौथे घर झाले. हवे तर पाचवे घर जोडावे: एवढे करूनही काय उरते? नमुना उताऱ्यातले शेवटचे वाक्य त्याच घरातून आले आहे, आणि मोठ्या वर्गांत ते मागायला हरकत नाही.

वर्णनाला कणा

वर्णन शेवटी घेतले की मुलांना त्याचा सैलपणा आपोआप जाणवतो. त्याला कणा द्यायचा तर गट पाडायचे: दिसणे, राहणे, खाणे, किंवा बाहेरून आत, वरून खाली, मोठ्या भागाकडून लहान भागाकडे. दहा वाक्ये सुट्या पट्ट्यांवर लिहून त्यांचे तीन ढीग करायचे, प्रत्येक ढिगाला दोन-तीन शब्दांचे उपशीर्षक द्यायचे आणि कोणत्याच ढिगात न बसणारी पट्टी टाकून द्यायची. टाकणे मुलांना जड जाते. लिहिलेले वाक्य वाया गेले असे वाटते. तरी टाकायला लावावे.

उपशीर्षके, आकृत्या, अनुक्रमणिका, ठळक अक्षरे यांची इथे गल्लत होते, म्हणून सांगून टाकावे: ही वाचकाच्या सोयीची साधने आहेत, मांडणी नव्हेत. उपशीर्षके काढून टाकली तरी आतला प्रश्न तोच राहतो.

मिश्र उतारा

खऱ्या पुस्तकात एकेका परिच्छेदाचा प्रश्न वेगळा आणि सगळ्याचा मिळून प्रश्न वेगळा असतो. त्याचा सराव अशा उताऱ्यावर घ्यावा:

'वातावरणात साधारण १५ ते ३५ किलोमीटर उंचीवर ओझोन वायू अधिक प्रमाणात असतो. सूर्याकडून येणाऱ्या घातक अतिनील किरणांचा मोठा भाग तो शोषून घेतो.

१९८५मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकावरचा ओझोन दर वसंत ऋतूत मोठ्या प्रमाणात घटत असल्याचे जाहीर केले. शीतकपाटांत आणि फवाऱ्याच्या डब्यांत वापरली जाणारी क्लोरोफ्लुरोकार्बन रसायने याच्या मुळाशी होती. ती उंचावर पोहोचली की अतिनील किरणांनी तुटतात आणि त्यांतून क्लोरीन सुटतो. क्लोरीनचा एकेक अणू ओझोनचे हजारो रेणू मोडू शकतो.

१९८७मध्ये मॉन्ट्रियल करार झाला आणि देशांनी या रसायनांचे उत्पादन टप्प्याटप्प्याने बंद करायचे ठरवले. पुढे वातावरणातले त्यांचे प्रमाण हळूहळू उतरू लागले. ओझोनचा थर भरून येण्याची चिन्हे आता दिसत आहेत, पण ही रसायने वातावरणात अनेक दशके टिकत असल्याने त्याला वेळ लागणार आहे.'

प्रत्येक परिच्छेदासमोर समासात प्रश्न लिहायचा. पहिल्याला 'ओझोन कुठे असतो, काय करतो?', दुसऱ्याला 'तो का घटला?', तिसऱ्याला 'मग काय केले?' हे तीन प्रश्न एकाखाली एक वाचले की पूर्ण उताऱ्याचा प्रश्न उभा राहतो: कोणते संकट आले आणि त्यावर काय केले. म्हणजे बाहेरचा सांगाडा समस्या-उपायाचा, त्याच्या पोटात वर्णन आणि कारण-परिणाम. बरीच मुले 'क्रम' असे उत्तर देतात, कारण दोन साले दिसतात. तेव्हा त्यांना साले बोटाने झाकून पुन्हा वाचायला सांगावे. साले गेली तरी उतारा उभा राहतो. कारण किंवा करार झाकला तर कोसळतो. कणा कोणता, ते यावरून ठरते.

लिहायला लावणे आणि तपासणे

मांडणी नुसती ओळखणे आणि ती वापरणे यांत बरेच अंतर आहे, म्हणून प्रत्येक मांडणीच्या शेवटच्या तासाला लेखन हवेच. पायऱ्या अशा: प्रश्न एका वाक्यात लिहायचा; त्या मांडणीचा आराखडा शब्दांत, वाक्यांत नव्हे, भरायचा; मग आराखडा समोर ठेवून ६ ते ८ वाक्ये लिहायची; शेवटी शेजाऱ्याला प्रश्न न सांगता उतारा वाचायला द्यायचा आणि त्याने ओळखलेला प्रश्न आपल्या प्रश्नाशी ताडून बघायचा. जुळला नाही तर दोष शेजाऱ्याचा नव्हे; कुठले वाक्य भलतीकडे नेते ते दोघांनी मिळून शोधायचे. आराखड्यातच पूर्ण वाक्ये लिहिली की मुले ती उतरवून काढतात आणि जोडणारे शब्द येतच नाहीत, म्हणून आराखड्याच्या एका घरात चारपेक्षा जास्त शब्द लिहू देऊ नयेत.

चाचणीत 'या उताऱ्याची रचना ओळखा' असा पर्यायी प्रश्न फारसे काही सांगत नाही. पाचातले एक अंदाजानेही बरोबर येते. त्यापेक्षा मधले एक वाक्य गाळून ते लिहायला सांगावे, किंवा न बसणारे एक वाक्य मुद्दाम घालून ते शोधायला आणि का बसत नाही ते सांगायला लावावे. वटवाघूळ-पक्षी तुलनेत 'वटवाघळाच्या चौदाशेहून जास्त जाती आहेत' हे वाक्य घातले तर ते खरे आहे, विषयाला धरून आहे आणि तरी तिथले नाही. ते ज्याला खटकते त्याला तुलना कळली.

दहा गुणांचे लेखन असेल तर चार गुण सगळी वाक्ये एकाच प्रश्नाला धरून आहेत का यासाठी, तीन दुवे बरोबर जोडलेत का यासाठी, दोन माहिती खरी असण्यासाठी आणि एक शुद्धलेखनासाठी ठेवावा. शुद्धलेखनाच्या लाल खुणा पहिल्या वाचनात करूच नयेत. कागद तांबडा दिसला की मूल ऱ्हस्व-दीर्घ सुधारून परत देते आणि वाक्यांचा क्रम होता तसाच राहतो. पहिल्या वाचनात फक्त समासात प्रश्न लिहावा, जो तुम्हाला त्या परिच्छेदातून ऐकू आला तो, आणि वही परत करावी.